दिव्याआधीचा उजेड

उजेड मोजायचा तर आधी अंधार चांगला हवा, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. खोलीत नवा माणूस आला की ती ते एकदा ऐकवायची आणि मग डोळे अंधाराला सरावेपर्यंत त्याला स्टुलावर गप्प बसवायची. पुष्कळांना ते जमत नसे. अंधारात बसवलं की माणसाला खोकला येतो, खिशातल्या किल्ल्या आठवतात, नको ते बोलावंसं वाटतं. तिला त्याचं काही नव्हतं. निम्मी नोकरी अंधारात गेली होती आणि उरलेली तशीच जाणार होती, याबद्दल तिची तक्रार नव्हती.

खोली तळमजल्यावर, एका लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला होती. भिंती काळ्या, छत काळं. एकामागे एक अशी दोन दारं आणि त्यांच्यामधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढ्या जागेत जाड काळा पडदा. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, असा नियम होता. आतल्या दाराला कडी होती, पण ती लावायची वेळ कधी आली नव्हती. मधोमध यंत्राचं टेबल, त्यावर बाटल्यांचा रॅक, आणि तिच्या स्टुलामागे भिंतीवर पांढऱ्या दिव्याचं बटण. स्क्रीनवर काळ्या कापडाचा बुरखा होता आणि आकडे बघायचे तर त्यात डोकं खुपसावं लागे. तशा अवस्थेत तिला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसायचा.

काम म्हटलं तर सोपं. द्रावणात विरघळलेल्या पदार्थावर उजेडाचा एक इवलासा ठोका द्यायचा. पदार्थ तो उजेड गिळतो, थोडा वेळ पोटात ठेवतो आणि मग स्वतःच्या रंगात परत देतो. किती वेळ ठेवतो, ते तिनं मोजायचं. हा वेळ इतका थोडा की आपली पापणी लवेपर्यंत असे लाखो वेळ होऊन जातात. म्हणून संस्थेत तिला घड्याळबाई म्हणत.

"माणसांसारखंच असतं हे," ती म्हणे. "कुणाच्या पोटात गोष्ट राहते, कुणाच्या राहत नाही."

पोटात काहीच न राहणाऱ्यांत पहिला नंबर दुधाचा. सकाळी आल्या आल्या ती पाण्यात दूधपावडरची चिमूट टाकून यंत्रात ठेवायची. दूध आलेला उजेड तसाच फेकून देतं, त्यामुळे ठोका नेमका केव्हा पडला ते कळतं. ते कळलं की दिवस सुरू.

वरच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ नवे रंग बनवायचा. त्याला सगळे रंगारी म्हणत, कारण त्याचे हात कधी माणसाच्या रंगाचे नसत. आई गेली तेव्हा तो शाळेत नुकता जायला लागला होता आणि ही कॉलेजात होती. अंधाराला तो फार घाबरायचा. दिवा मालवला की तिचं बोट धरल्याशिवाय झोप यायची नाही. त्याच्यापायी हिचं लग्न राहिलं, असं मावशी अजून म्हणते. त्यावर हिचं उत्तर, राहिलं ते बरंच झालं. पण एक खरं. हरवेल अशी भीती वाटावी असं या जगात तिचं एकच माणूस होतं, आणि ते वरच्या मजल्यावर हातमोजे न घालता काम करत होतं.

"हाताला लागल्याशिवाय रंग समजत नाही, ताई."

"मग चाखूनही बघ एकदा."

"बघितलाय. कडू आहे."

हा कडू रंग त्यानं कित्येक वर्षं खपून बनवला होता. शरीरातला रोगट भाग डॉक्टरांना वेगळा दिसावा म्हणून तो वापरायचा होता. दिव्याखाली फिकट लिंबाच्या सरबतासारखा दिसायचा आणि उजेड परत द्यायचा तो पोपटी. कातडीला एकदा बसला की साबणाला, स्पिरिटला, कशाला दाद देत नसे. रंगाऱ्याचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत त्यात मुरले होते. एका बाटलीचं बूच गळकं निघालं तेव्हा हिच्याही उजव्या हाताची बोटं त्यात न्हाऊन निघाली, आणि मग भावंडं एकमेकांना शोभायला लागली.

रंगाचा वेळ मोजून द्यायचं काम तिचं. साहेबांना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, तो आकडा हवा होता. त्याशिवाय रंग पुढे जाणार नव्हता.

ठोका पडला की स्क्रीनवरची रेघ कड्यासारखी सरळ वर चढते आणि मग उतारावरून हळूहळू खाली येते. तो उतार मोजायचा. त्या सकाळी तिनं दूध तपासलं, ठीक होतं. मग भावाचा रंग ठेवला. उतार छान होता, एकसारखा. पण कड्याच्या अलीकडेही एक उतार होता. छोटासा, वर चढत जाणारा. म्हणजे ठोका पडायच्या आधीच थोडा उजेड येत होता.

तिनं बुरख्यातून डोकं काढलं, पाणी प्यायली आणि पुन्हा डोकं घातलं. उतार होता तिथेच होता.

यंत्रावर काम करणाऱ्याला भूत दिसलं तर तो आधी वायर तपासतो. तिनं वायरी बदलल्या. कुपी बदलली, द्रावक नवा घेतला. फटीतून उजेड येतोय का म्हणून सगळ्या खोलीला काळी पट्टी चिकटवली. पुन्हा दूध ठेवलं, तर दूध शहाण्यासारखं वागलं. जुने ओळखीचे रंग ठेवले, तेही आपापल्या वेळेला आले आणि गेले. भावाचाच रंग तेवढा आगाऊ होता.

"आधी कळस मग पाया चाललंय तुझ्या रंगाचं," तिनं त्याला खाली बोलावून सांगितलं.

त्यानं बुरख्यात डोकं घालून बराच वेळ पाहिलं. "तू सुरुवात आणि शेवटाच्या वायरी उलट्या जोडल्यास."

"मी?"

"बरं, नाही जोडल्यास." तो बुरख्यातून बाहेर आला. "मग यंत्र म्हातारं झालं असेल. घड्याळबाईंसारखं."

ती हसली नाही. साहेबांना तिनं कळवलं की आकडा द्यायला वेळ लागेल.

आणि मग तो अलीकडचा उतार लांबत गेला. आज होता त्याहून उद्या थोडा जास्त. लवकरच तो स्क्रीनवर मावेना. ठोक्याच्या आधी किती वेळ उजेड सुरू होतो ते यंत्राला सांगता येईना, कारण यंत्र इतक्या लांबच्या वेळांसाठी बनवलेलंच नव्हतं. तिनं यंत्र बंद केलं आणि बाटल्या रॅकमध्ये ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

डोळे सरावल्यावर तिनं हात मागे नेऊन बटण चाचपलं. बोट बटणावर टेकलं, अजून दाबलं नव्हतं, आणि समोरच्या बाटल्या पोपटी झाल्या. अगदी मंद, पण झाल्या. मग तिनं बटण दाबलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते कुणीही केलं असतं. तिनं रंगाला फसवायचा प्रयत्न केला. बोट बटणावर ठेवायचं, बाटल्या उजळल्या की काढून घ्यायचं. पहिल्या खेपेला तिनं बोट काढलं आणि बाटल्या उजळलेल्याच राहिल्या. ती जिंकल्यासारखी बसून राहिली. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. बंद करायला म्हणून तिनं तो बाहेर काढला आणि त्याच्या स्क्रीनचा उजेड रॅकवर पडला. दुसऱ्या खेपेला फोन बाहेर ठेवून आली, तर सफाईवाल्या बाईंनी न ठोठावता दोन्ही दारं एकदम उघडली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं एकदा म्हणता येतं, दोनदा म्हणता येतं. त्यापुढे म्हणायला तिला लाज वाटली. रंग खोटं बोलत नव्हता. ज्याच्यावर उजेड पडणार असे तेच उजळत होतं, आणि उजळलं की उजेड पडल्याशिवाय राहत नव्हता.

तिनं भावाला हे जसंच्या तसं सांगितलं. त्याला तिनं लहानपणापासून सगळं खरंच सांगितलं होतं. आई गेली तेसुद्धा तिनंच सांगितलं होतं.

तो येऊन अंधारात बसला. मग आधी बाटल्या उजळल्या, मग तिची बोटं, आणि मग त्याचे हात. टेबलावर हवेत ठेवल्यासारखे दोन पोपटी हात होते. बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"अगं ताई!" तो लहान मुलासारखा ओरडला. "मीच दिवा झालो की!"

त्यानं हात हलवले, बोटांचे कुत्रे आणि हरणं करून दाखवली. तिनं दिवा लावला तेव्हा तो स्टुलावर मागे झुकून हसत होता. तिलाही हसू आलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला बरं वाटत होतं. कशाचा अर्थ लागत नव्हता, पण धाकटा रोज खाली येऊन बसत होता, आणि मोठा झाल्यापासून तो इतका वेळ तिच्याजवळ कधी बसला नव्हता.

बाटलीची गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही. तेवढी एकच.

झालं असं की एका दुपारी ती एकटी होती. रॅकमध्ये पाच बाटल्या, एकाच दिवशी एकाच पातेलीतल्या द्रावणातून भरलेल्या. वेळ झाली तशा चार उजळल्या. मधली उजळली नाही. बूच सैल राहून रंग बिघडला असेल, असं तिला वाटलं. तिनं बटणाकडे जाणारा हात मागे घेतला आणि ती काळी बाटली चाचपून उचलली. काच नेहमीसारखी गार होती, आत द्रावण हिंदकळत होतं. बूच तपासावं म्हणून तिनं ते जरा फिरवलं आणि बाटली बोटांतून निसटली. टेबलाशेजारच्या सिंकमध्ये पडली. फुटल्याचा आवाज झाला, मग पाईपातून काहीतरी गळत गेल्याचा. तिनं दिवा लावला. चार बाटल्या चकाकत होत्या. सिंकमध्ये पांढऱ्या काचा होत्या आणि रंगाचा एक थेंबसुद्धा नव्हता.

ती बराच वेळ त्या काचांकडे बघत उभी राहिली. मधल्या बाटलीतल्या रंगावर उजेड पडणारच नव्हता, म्हणून तो उजळला नव्हता. बाटली बिघडली नव्हती. तिनं काळजीनं हातात घेतली म्हणून ती गेली. हात लावला नसता तर? पण रंग आधीच काळा राहिला होता, म्हणजे हात लावणं त्यात धरलेलंच होतं. असा विचार करत राहिलं की माणूस गोल गोल फिरतो. तिनं काचा वेचल्या, कागदात गुंडाळल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

काही दिवसांनी धाकट्यानं हा प्रकार साहेबांच्या कानावर घातला आणि त्यांनी निरोप पाठवला, की ऐकून काही विश्वास बसत नाही, मी स्वतः येऊन बघतो. धाकटा त्या दुपारी खूश होता. नवा शर्ट घालून आला होता. तिला अंधारात शर्ट दिसला नाही, त्यानंच सांगितला.

"निळा आहे. तू म्हणतेस ना, निळा शोभतो."

"जेवलास का?"

"साहेब गेले की जेवू. दोघं जाऊ." तो टेबलाशी बसल्याचा, स्टूल सरकल्याचा आवाज आला. "ताई, हे एकदा पुढे गेलं ना, की मी महिनाभर नुसता झोपणार आहे."

"अंधारात?"

"दिवा लावून," तो म्हणाला. दोघंही हसली.

मग दोघं वाट बघत बसली. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. भिंतीच तशा होत्या. यंत्र बंद होतं, त्यामुळे भावाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्याला लहानपणापासून नाकानं श्वास घ्यायची थोडी अडचण होती. ती तो आवाज ऐकत बसली.

रॅकमधल्या बाटल्या उजळायला लागल्या. सगळ्या. तिनं एकेक बघून घेतली, हल्ली बघायचीच. मग तिची बोटं उजळली.

"सुरू झालं," तो म्हणाला. "निघाले साहेब."

"हो."

ती पुढचं उजळायची वाट बघत होती.

"हात कुठेत तुझे?" तिनं विचारलं.

"हे काय, टेबलावर."

"कुठे?"

"बाटल्यांच्या शेजारी." टेबलावर बोटं वाजवल्याचा आवाज आला. रॅकच्या डाव्या अंगाला, अगदी जवळून. तिथे काळोख होता.

"अरेच्चा," तो म्हणाला. "माझे नाही उजळले." हात चोळल्याचा आवाज आला. "सकाळी नवीन साबण आणलाय. त्यानं निघालं असेल."

निघत नाही हे त्याला माहीत होतं. रंग त्यानंच बनवला होता.

तिचं डोकं स्वच्छ चाललं होतं. बटणाला हात लावायचा नाही. पण बटणाचा प्रश्नच नव्हता. बाटल्या उजळल्या आहेत, म्हणजे उजेड येणार आहे. साहेब येणार, बाहेरचं दार, पडदा, आतलं दार. आतल्या दाराला कडी आहे. कडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी उठून लावीन, तेवढ्यात हा इथे एकटा. याला बरोबर घेऊन गेले तर? बाटली मीच उचलली होती.

"मी जाऊन साहेबांना घेऊन येतो," तो म्हणाला. "पडद्यात अडकतील."

"बस."

"अगं, पण..."

"बस म्हणते ना!"

या आवाजात ती त्याच्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. तो बसला. स्टूल करकरलं.

"ताई, घाबरलीस का?"

"हात दे."

"काय झालं?"

"हात दे तुझा."

त्यानं दिला. अंधारातून तो तिच्या हातात आला. आधी बोटं, मग तळवा, मग मनगट. तिनं मनगट घट्ट धरलं. ते ऊन होतं. आत नाडी चालली होती, जरा जोरात. शर्टाच्या बाहीची नवी, खरखरीत कड तिच्या अंगठ्याला लागत होती.

"मी आहे ना," ती म्हणाली. रात्री दिवा मालवल्यावर ती हेच म्हणायची.

"आहेस की," तो म्हणाला. "किती घट्ट धरलंयस."

बाटल्यांचा उजेड वाढत होता. इतका कधी वाढला नव्हता. टेबलाची कड दिसायला लागली. यंत्राचा कोपरा दिसायला लागला.

पडद्यापलीकडे बाहेरच्या दाराची मूठ फिरली.

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. तिची पाचही बोटं पोपटी पेटली होती. नखं, पेरं, सगळं स्वच्छ दिसत होतं. ती कशाभोवती तरी वळली होती. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकत नव्हते. मधे मनगटाएवढी जागा होती, तिथे तिला नाडी लागत होती, आणि त्या जागेतून पलीकडच्या बाटल्या दिसत होत्या.